पाय उचलून पाहिला का?

रशीदभाई आमच्या घरी आले की आधी माझं तोंड बघत नाहीत, माझी चप्पल बघतात. उंबऱ्याबाहेर काढलेली चप्पल ते उचलतात, उलटी करतात, डोळ्यांजवळ नेतात आणि मग आत येऊन सांगतात, "साहेब, तुमी डाव्या अंगाला जोर देऊन राहिले. कंबर दुखते का?" कंबर दुखतच असते. पण निवृत्त हेडक्लार्कला कुणी चपलेवरून ओळखावं हे मला पटत नाही, म्हणून मी "छे छे" म्हणतो.

'मुआयना' हा त्यांचा लाडका शब्द. म्हणजे नीट तपासून पाहणं. वांगी घेताना ते प्रत्येक वांग्याचा मुआयना करतात आणि बसण्याआधी खुर्चीचाही. एकदा माझ्या बायकोची चप्पल बघून म्हणाले, "वहिनी उजवी टाच टेकवत न्हाईत. मुआयना करा." मी म्हणालो, "अहो, ती काय घोडी आहे?" आणि माझ्याच विनोदावर मी बराच वेळ हसलो.

घोडी त्यांची. नांदेडात वरातीला घोडी लागली की लोक रशीदभाईंना शोधत आमच्या गल्लीत येतात. माळेगावच्या जत्रेतून आणलेली पांढरीशुभ्र चांदनी ही आमच्या गल्लीतली सगळ्यात देखणी व्यक्ती आहे. घाबरलेला नवरदेव लगाम आवळायला लागला की रशीदभाई खालून सांगतात, "बेटा, घोडी तुला संभाळून राहिली. तू तुझा फेटा संभाळ."

यंदा लग्नसराईच्या तोंडावर चांदनी मागच्या डाव्या पायाने लंगडायला लागली. रशीदभाईंनी पाय उचलून पाहिला. वरून काही दिसेना, पण खूर गरम लागत होता. ते तिला जनावरांच्या एका नव्या खासगी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी चार हात लांबूनच "मुरगळलंय" म्हटलं आणि इंजेक्शन दिलं. तीनदा नेली, तीनदा इंजेक्शन. लंगडणं वाढतच गेलं. शेवटी देगलूरहून एक म्हातारा नालबंद आला. त्याने पाय मांडीवर घेतला, नाल काढून टाकली, आणि खुरात घुसलेला खिळा आणि पू दोन्ही बाहेर आले. पण घोडी पुन्हा नीट चालेल की नाही, हे त्यालाही सांगता येईना.

त्या दिवशी रशीदभाई चप्पल न बघता घरात आले, तेव्हाच मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. "तक्रार लिवा, साहेब."

मला मनातून आनंद झाला, हे कबूल करतो. निवृत्तीनंतर मला कुणी अर्ज लिहायला सांगितलंच नव्हतं. नोकरीभर मी लोकांच्या तक्रारींवर 'पुढील कार्यवाहीस्तव सादर' असा शेरा मारला आणि त्यातली एकही पुढे गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तो सगळा अनुभव ओतून मी चार पानं लिहिली. परवाना रद्द करा, भरपाई द्या, वर्तमानपत्रात जाहीर माफी मागा. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "घोडीच्या पायावर चार पानं! माझ्या टाचेवर चार शब्द तरी बोललात का?" मी पाचवं पान घ्यावं का, या विचारात होतो.

रशीदभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "लई भारी हाय. पन साहेब, ह्याच्यात पाय कुटं हाय?"

पाय तिसऱ्या पानावर होता.

"समदं काटून टाका. डॉक्टरनं यावं अन् पाय उचलून पाहावा, एवढंच लिवा."

आम्ही दोघं अर्ज घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. एवढीशी दोन ओळींची तक्रार वाचून त्यांनी मान वर केली. "वामपार्श्वीय पश्चपाद म्हणजे कोणता पाय?"

"मागचा डावा," मी पडेल आवाजात सांगितलं.

"अहो, मी उपचार केलेत तिच्यावर."

"पाय उचलून पाहिला का?" रशीदभाईंनी विचारलं.

"लाथ मारली असती ना तिने!"

"मंजे उचलला न्हाई."

डॉक्टर हळूच म्हणाले, "गाई-म्हशी माझ्या रोजच्या आहेत. घोड्याची भीती वाटते."

"भ्या वाटतं तर तसं म्हनायचं व्हतं, मी धरलं असतं की. इंजेक्शन कशापायी देऊन राहिले?"

मी नियमावर बोट ठेवायला उठलो होतो. रशीदभाईंनी बाही धरून मला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आमच्या गल्लीत आले. रशीदभाई चांदनीचं तोंड छातीशी धरून उभे राहिले. "पाठीवरून हात आना. हां. आता खाली न्या. तुमी कुटं हाव ते तिला कळू द्या." डॉक्टरांनी पाय उचलला. आम्ही दोघं थरथरत होतो, डॉक्टर आणि मी. घोडी शांत होती. त्यांनी जखम धुतली, बराच वेळ निरखली, पट्टी बांधली.

"भरत आलीय. चालेल ती," ते म्हणाले. "चुकलं माझं, चाचा. पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं. पट्टी बदलायला मीच येत जाईन."

मी 'तक्रार निकाली' असा शेरा मारायला पेन काढलं. आता रशीदभाई चांगले झापतील म्हणून कान टवकारले. ते फक्त "बरं, बाबा" म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर ते चांदनीच्या पायाशी बसले.

"त्याला काय बोलू, साहेब? आमच्या घरचीला शुगर व्हती. पाय जळतो म्हनायची. मी मेडिकलातून गोळी आनून द्यायचो अन् वरातीला पळायचो. तळव्याला जखम झाली, ती तिला कळलीच न्हाई. पायापासून सुरू झालं अन् मानूसच गेलं. घोडीचे चारी पाय मी रोज उचलून पाहायचो. तिचा एकडाव न्हाई पाहिला." त्यांनी चांदनीची पट्टी चाचपली. "तवापासून ही सवय लागली. लोकाचा पाय कसा मागावा पाहायला? म्हनून चप्पल पाहतो."

अर्ज खिशात कोंबून मी घरी आलो.

उंबऱ्याशी बायकोची चप्पल होती. मी ती उलटी केली. उजवीचा पुढचा भाग पार झिजला होता आणि टाचेकडून ती जवळजवळ नवी होती. आत जाऊन मी कंबर धरत तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"पाय दाखव."

"अगबाई! मी काय घोडी आहे?" ती म्हणाली. पण पाय तिने पुढे केला.

टाचेत काळी, खोल भेग होती. ती कधीपासूनची आहे, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.