खालची शाळा वाचलीच पाहिजे

सिंगापूरच्या बुकित पंजांग भागात पद्माकररावांच्या ब्लॉकखाली एक प्राथमिक शाळा होती आणि ती चांगली नव्हती. याला पक्का पुरावा होता. तिथे मागेल त्याला प्रवेश मिळत असे. एरवी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसे ते बरंच बरं होतं. मुलं हसत आत जात, शिक्षक त्यांना नावानं हाक मारत. पण असल्या देखाव्याला भुलायला पद्माकरराव दुधखुळे नव्हते. पाया लेबारला एका कंपनीत ते ऑडिटचं काम करत आणि दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

चांगली शाळा टेकडीपलीकडे होती. तिथे दर वर्षी सोडत निघे आणि नंबर न लागलेले आईबाप महिनाभर कुणाशी धड बोलत नसत. ती शाळा उत्तम असल्याबद्दल मराठी मंडळींत दुमत नव्हतं. आत काय शिकवतात हे मात्र कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांची मुलं आधी घेत. पद्माकररावांचा ब्लॉक चाळीस मीटर बाहेर पडत होता.

"आपलं स्वयंपाकघर जवळजवळ आतच येतं," ते बायकोला म्हणाले. "हॉलमुळे गोची झाली."

"मग हॉल पाडू या," सुचित्रा म्हणाली.

पद्माकररावांनी यावर थोडा वेळ खरोखर विचार केला. फ्लॅट बाराव्या मजल्यावर असल्यामुळे बेत रद्द झाला.

उरला मार्ग स्वयंसेवक पालक होण्याचा. शाळेची चाळीस तास निःस्वार्थ सेवा केली, की आधीच्या फेरीत अर्ज करता येई. निःस्वार्थपणाची नोंद ठेवायला एक कार्ड मिळे. पद्माकररावांनी रजा काढून वाचनालयाच्या पुस्तकांना कव्हरं घातली, सकाळी रस्त्यावर झेंडी धरून परक्यांची मुलं पलीकडे नेली, दीपावलीला पाच तास रांगोळी काढली. त्यांची स्वतःची मुलगी वल्लरी या काळात बालवाडीतून तिची मैत्रीण नूर हिच्या आजीबरोबर परत येई आणि संध्याकाळपर्यंत आठव्या मजल्यावर त्यांच्याच घरी राही. आजी कार्ड ठेवत नसे.

अडतीस तास झाले आणि घात झाला. मुलं कमी पडल्यामुळे खालची शाळा बंद करून टेकडीपलीकडच्या शाळेत विलीन करायचा प्रस्ताव आला.

"म्हणजे नूर तिकडे जाणार?" सुचित्रा म्हणाली. "बरंच झालं की. दोघी एकत्र जातील."

"एकही तास न देता!" पद्माकररावांचा आवाज चढला. "मी झेंड्या धरायच्या आणि ही मंडळी सरळ आत? मग त्या शाळेत आणि या शाळेत फरक काय राहिला? ते काही नाही. खालची शाळा वाचलीच पाहिजे."

"मग वल्लरीला तिथेच घालू या."

"तिला कशाला?" त्यांना प्रश्नच कळेना. "बाकीच्यांच्या मुलांसाठी वाचली पाहिजे."

त्या आठवड्यात पद्माकररावांनी ब्लॉकचे सगळे मजले पालथे घातले आणि सह्या गोळा केल्या. अर्जात 'परिसराचा ठेवा' हे शब्द चार वेळा होते.

रहिवाशांचं मत अजमावण्यासाठी शनिवारी सभा झाली. टेकडीपलीकडच्या शाळेच्या स्वयंसेवकप्रमुख सरोजिनी मॅडम यांनी पद्माकररावांना इतिवृत्त लिहायचं काम दिलं.

"दोन तास लागतील," त्या म्हणाल्या. "तुमचे चाळीस पुरे."

दारातच नव्या शाळेच्या बसचं वेळापत्रक वाटत होते आणि आत 'आपल्या मतावर सर्व काही अवलंबून' असा फलक होता. पद्माकरराव पहिले बोलले. पायी जाता येणारी शाळा, शेजारधर्म, मुळं, असं ते इतकं कळकळीनं बोलले, की नूरच्या आजीनं डोळे पुसले. सभा घ्यायला आलेल्या शिक्षण खात्याच्या अधिकारीबाईही हेलावल्या. त्यांनी कागद चाळले आणि अनपेक्षित असं काहीतरी केलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पहिलीला तीस मुलं मिळाली तर शाळा चालू ठेवू. इथे मूल घालणाऱ्यांनी हात वर करा."

हात वर झाले. एकोणतीस. अधिकारीबाईंनी पुन्हा मोजले. सभागृह हळूहळू पद्माकररावांकडे वळलं. त्यांच्या एका हातात पेन होतं आणि दुसऱ्या हातात वही होती, त्यामुळे त्यांचा नाइलाज होता.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेत वल्लरी खुर्चीवर उभी राहिली. तिनं दोन्ही हात वर केले आणि ती शाळकरी सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

"आय वॉन्ट डाउनस्टेअर्स स्कूल, ला! नूर ऑल्सो गोइंग!"

सगळे हसले. नूरच्या आजीनं टाळ्या वाजवल्या. अधिकारीबाई हसत म्हणाल्या, "तीस झाले का? मिस्टर पद्माकर, काय लिहायचं?"

पद्माकररावांनी मुलीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित निभलं नसतं, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. "ती लहान आहे," ते म्हणाले आणि वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'हात एकोणतीस. पालकांव्यतिरिक्त कोणाकडूनही सूचना आली नाही.' सरोजिनी मॅडमनी कार्डावर सही केली.

डिसेंबरात खालची शाळा बंद झाली. जानेवारीत वल्लरी आणि नूर एकाच बसनं टेकडीपलीकडे जाऊ लागल्या. शाळेचा दर्जा घसरल्याची तक्रार पद्माकररावांनी पहिल्याच पालकसभेत नोंदवली. नूरच्या आजीला लिफ्टमध्ये भेटले, की ते मोबाइलमध्ये बघत.

लिफ्टमधल्या अशाच एका भेटीत पुण्याहून बहिणीनं, अरुणानं, पाठवलेला अर्ज आला: 'मराठी शाळा वाचवा.' पद्माकररावांना भरून आलं. आठवा मजला यायच्या आत त्यांनी सही केली. अर्जात नाव, गाव आणि ईमेल विचारलं होतं. आपलं मूल कुठल्या शाळेत जातं, हा रकाना नव्हता. त्यांच्या आधी चार हजारांवर सह्या झाल्या होत्या. यादी सगळ्यांना पाहायला खुली आहे. वाचकांनी आपलं नाव बरोबर लिहिलं गेलंय ना, तेवढं तपासून घ्यावं.