दाराने ओळख दाखवली नाही

खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या घरी चोरी झाली आणि वरच्या मजल्यावरच्या विमा निरीक्षकाची झोप गेली. चोराने कुलूप फोडले नव्हते. ते किल्लीने उघडले होते आणि जाताना पुन्हा नीट लावले होते. निरीक्षकाने धसका घेतला तो या नीटनेटकेपणाचा. आयुष्यभर जळकी गोदामे आणि चेपलेल्या मोटारी पाहून त्याने 'हे टाळता आले असते' असा शेरा लिहिला होता. साहजिकच जगात जे जे अजून घडले नव्हते, ते सगळे त्याला घडण्याच्या बेतात दिसे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. निरीक्षकाचा ब्रह्मराक्षस पगारी होता.

भीतीवर त्याच्याकडे एकच औषध होते : पत्त्याच्या पानाएवढा संगणक. असल्या उघड्यावाघड्या हिरव्या पाट्या, त्यांना लोंबणाऱ्या रंगीत वायरी आणि सोल्डरिंगचे चटके यांनी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कायमचा व्यापला होता. स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचा वायसर बदलायला त्याला वर्षभरात सवड झाली नव्हती. पण मिनिटाला किती थेंब गळतात हे मोजून त्याचा आलेख मोबाइलवर पाठवणारे यंत्र त्याने एका रविवारात उभे केले होते. ज्ञानाच्या इतिहासात हा प्रकार नवा नाही. कामाचा कंटाळा विद्वत्तेचा अंगरखा घालून आला की त्याला संशोधन म्हणतात, आणि संशोधन चालू असताना नळाखाली बादली कोणी ठेवायची हे गृहीत धरलेले असते.

बादली ठेवणारी त्याची बायको रुग्णालयात क्ष-किरण विभागात होती. दिवसभर लोकांना 'श्वास रोखा, हलू नका' असे सांगायचे आणि त्यांच्या आत जे त्यांनाही दिसत नाही ते टिपून घ्यायचे, हा तिचा पेशा. कुंड्यांना आपोआप पाणी घालणाऱ्या यंत्राने दंतवैद्याच्या वाळत घातलेल्या गाद्यांना पाणी घातले, त्या दिवशी तिने आवाज न चढवता सांगून ठेवले होते की, यापुढे एकाही निरपराध माणसाला ताप झाला तर टेबलावरची शेवटची वायरसुद्धा भंगारात जाईल. ती आवाज न चढवता बोलली की निरीक्षक हातातली वायर खाली ठेवी.

नवे यंत्र दाराचे होते. कॅमेऱ्याने चेहरा ओळखला की विजेची कडी आपोआप सरकणार. नाही ओळखला तर भोंगा वाजणार आणि दारातल्या इसमाचा फोटो इमारतीतल्या प्रत्येक फोनवर जाणार. किल्ली हीच चोराची पहिली मैत्रीण, असा सिद्धान्त मांडून निरीक्षकाने किल्लीचे भोक लांबी भरून बुजवून टाकले. आतून दार हाताने उघडे. बाहेरून फक्त चेहऱ्याने. सोमवारी संध्याकाळी यंत्र चालू होईल, असे त्याने शेजाऱ्यांना कळवले. राहिले होते एवढेच की, यंत्राला घरच्या माणसांचे चेहरे शिकवायचे. त्यासाठी प्रत्येकाचे पंचवीस फोटो एका फोल्डरात टाकले की पुरे. यंत्र रोज पहाटे तो फोल्डर नव्याने वाचून आपले ज्ञान ताजे करणार होते.

घरातले सगळे फोटो एका जुन्या डिस्कवर होते. निरीक्षकाने ते माणसागणिक वेगळे करायला घेतले. आईचे ढिगाने निघाले. मुलीचे रांगण्यापासून कॉलेजपर्यंतचे. स्वतःचे तर समोरून, बाजूने, जेवताना, झोपलेला, सर्व अवस्थांतले. जिन्यात येऊन बसणाऱ्या परक्या मांजराचेसुद्धा होते, आणि ते त्याने हौसेने स्वतः काढलेले होते. बायकोचा एकही नव्हता.

त्याने डिस्क पुन्हा पहिल्यापासून पाहिली. समुद्रकाठी तो, आई आणि मुलगी हसत उभे, आणि वाळूवरून त्यांच्या पायांपर्यंत आलेली एक लांब सावली. मुलीचा वाढदिवस, मेणबत्त्या, आजी, आणि डाव्या कोपऱ्यात गुलाबी धूसर डाग. तोच डाग डोंगरावर, तोच आगगाडीच्या खिडकीशी. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आले की हा डाग म्हणजे बायकोचा अंगठा. लग्नाच्या अल्बमात ती होती, पण मान खाली घालून. तिथे चेहरा आहे हे यंत्राने मान्यच केले नाही.

वीस वर्षे घराचे फोटो तिने काढले होते आणि तिचा काढावा असे कोणाच्या मनात आले नव्हते. लोकांच्या हलगर्जीपणाला किंमत लावून पोट भरणाऱ्या निरीक्षकाला ही हलगर्जी कोणत्या प्रकारात घालावी ते कळेना. ते तिला कळले तर काय होईल हे मात्र लख्ख कळले, आणि त्याची पाचावर धारण बसली. चोर राहिला बाजूला.

सरळ माणसाने तिला खरे सांगून समोर बसवले असते. पण ज्याला खरे बोलण्याचे भय वाटते त्याला लपवाछपवीचे श्रम हलके वाटतात. निरीक्षक दाराआडून, पेपराआडून, फ्रिजच्या उघड्या दाराआडून बायकोचे फोटो काढू लागला. पाठीला डोळे असल्यासारखी दर वेळी ती नेमक्या क्षणी वळे, आणि फोटोत येई तो 'हे काय चाललंय' असे विचारणारा, कपाळाला आठ्या घातलेला चेहरा.

"अहो, समोरून झाला, बाजूने झाला," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. "आता श्वास रोखू का?"

"मोबाइलचा कॅमेरा तपासतोय."

"माझ्यावर? मांजर कुठे गेलं?"

हे सारे निरीक्षकाची आई पाहत होती. आपला मुलगा स्वतःच्या बायकोचे फोटो काढतो आहे, हे दृश्य तिने लग्नापासून आजवर पाहिले नव्हते, आणि तिच्या अनुभवात घरच्या बाईचा फोटो तातडीने शोधण्याची वेळ एकदाच येते. तिने मुलाला खोलीत बोलावून दार लोटले.

"अरे, तिचे काही रिपोर्ट आलेत का? मला तरी खरं सांग."

निरीक्षकाला वाटले, बिंग फुटले. "आई, तुझ्या पाया पडतो," तो म्हणाला, "तिला यातलं काही बोलू नकोस."

एवढ्या उत्तरावर म्हातारीने काय ते समजून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेच्या आधी उठून तिने चहाचे कप विसळून ठेवले आणि सुनेला "तू बस" म्हणाली. हे दोन शब्द त्या घरात या क्रमाने कोणी उच्चारल्याचा पुरावा नाही. दारामागची कुजबूज मुलीने ऐकली होती. फोटो, कुजबूज आणि आजीचा एकाएकी आलेला मायेचा पूर यांची बेरीज करून तिने आईबाप वेगळे होणार असा निष्कर्ष काढला, आणि आपल्याला कोणाबरोबर राहावे लागेल या धास्तीने ती स्वतःचे ताट स्वतः घासू लागली. निरीक्षकाला अपराधी वाटत होते. त्याने नळाचा वायसर बदलला. प्रेमाने, समजुतीने, भांडणाने जे वीस वर्षांत साधले नव्हते ते भयाने चार दिवसांत साधले. समाजसुधारकांनी याची नोंद घेऊन लाजेने मान खाली घालावी.

आता घाबरण्याची पाळी बायकोची होती. रुग्णालयात तिने हे नित्य पाहिले होते : डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन काहीतरी सांगतात, आणि त्या दिवसापासून नातेवाईक रुग्णाशी गोड वागू लागतात. मागच्याच महिन्यात कर्मचाऱ्यांची तपासणी झाली होती आणि तिचा रिपोर्ट यायचा होता. सासू कप विसळते, मुलगी ताट घासते, इथवर तिने मन घट्ट धरले. पण नळाचे ठिबकणे थांबलेले पाहिले आणि तिला खात्रीच पटली की आपले फार दिवस उरलेले नाहीत.

सोमवारी दुपारी धीर करून तिने स्वतःची फाइल मागवली. फुप्फुसे स्वच्छ, हृदय ठीक, रक्त ठीक. डॉक्टर म्हणाल्या की, इतका नीरस रिपोर्ट त्यांनी वर्षात पाहिला नव्हता. मरण टळलेल्या माणसाला जसे सुटते तसे तिला हसू सुटले आणि ते थांबेना. संध्याकाळी ती रस्त्याने हसत आली, कोपऱ्यावर टपोरे पेरू घेतले, जिना हसत चढली आणि नव्या कॅमेऱ्यासमोर हसतच उभी राहिली.

"ओळख पटली नाही," दार म्हणाले. "अनोळखी स्त्री दारात आहे."

भोंगा असा वाजला की जिन्यातले मांजर दोन मजले खाली गेले. दंतवैद्य छत्री उगारून वर धावला. प्रत्येक फोनवर फोटो उमटला. दंतवैद्याच्या बायकोने तो जिन्यातूनच पाहिला आणि ही आपल्या इमारतीतली नव्हे, असे छातीठोकपणे सांगितले. दाराच्या आतल्या बाजूला निरीक्षकाच्या आईने फोन डोळ्यांजवळ धरला. चेहरा ओळखीचा वाटतो खरा, ती म्हणाली, पण इतकी खुशीतली बाई आपल्यात कोण आहे?

निरीक्षक फोनकडे पाहत जागीच थिजला होता. हा त्याच्या बायकोचा पहिला हसरा फोटो होता, आणि तो दाराने काढला होता.

बाहेर तिने हे सगळे ऐकले. आपल्याच दारात, उगारलेल्या छत्रीखाली, तिचे हसू हळूहळू विझले. भुवया जवळ आल्या, कपाळाला आठ्या पडल्या, आणि तिने कॅमेऱ्याच्या भिंगाकडे एकटक पाहिले.

"मालकीणबाई आल्या," दार म्हणाले. "स्वागत आहे." कडी सरकली.

मग निरीक्षकाला सगळे सांगावे लागले : तिचे फोटो कधीचे, कसे काढलेले, आणि दार तिला फक्त चिडलेली असताना का ओळखते. तिने डिस्क मागितली. एकेक फोटो पाहत ती फक्त "हा मी काढला" एवढेच म्हणत गेली. समुद्रकाठ, वाढदिवस, डोंगर. मांजरापाशी ती थांबली.

भंगारवाल्याला कधी बोलवायचे, हे निरीक्षकाने चाचरत विचारले.

"राहू दे यंत्र," ती आवाज न चढवता म्हणाली. "या घरात तेवढं एक खरं बोलतंय."

मग यंत्र शिकते कसे आणि फोल्डर कुठे असतो, असे तिने सहज विचारले. निरीक्षकाचा जीव भांड्यात पडला. आपल्या यंत्राविषयी कोणी विचारले की असल्या पुरुषांना इतर कशाचे भान उरत नाही. त्याने सविस्तर समजावून सांगितले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कचेरीतून आला तेव्हा दाराने भोंगा वाजवून सांगितले की, अनोळखी पुरुष दारात आहे. दंतवैद्य छत्री घेऊन आला, पाहून परत गेला. पाठोपाठ कॉलेजातून आलेली मुलगी अनोळखी ठरली. मग खालच्या बागेत बसायला गेलेली आई वर आली, तीही अनोळखी. तिसऱ्या भोंग्याला इमारतीत कोणी बाहेरही डोकावले नाही. तिघे पायऱ्यांवर बसून राहिले, आणि निरीक्षकाला प्रथमच कळले की, बुजवलेल्या किल्लीच्या भोकापुढे चोराचेच नव्हे, मालकाचेही काही चालत नाही.

बायको पर्स सांभाळत वर आली. फोल्डरमधले फोटो कुठे गेले, असे त्याने विचारले.

"मी काढलेले ते मी उचलले. पेनड्राइव्हवर, पर्समध्ये आहेत," ती म्हणाली. "तुम्ही काढलेले सगळे ठेवलेत की."

म्हणजे पहाटेपासून दाराला जगात एकच चेहरा माहीत होता. तिघे घाईने बाजूला झाले आणि ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

"ओळख पटली नाही," दार म्हणाले.

तिघांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. आठीचा मागमूस नव्हता. तिघांच्याही काळजाचे पाणी झाले.

"अगं, जरा रागाव ना," सासूबाई काकुळतीने म्हणाल्या. सुनेने रागावू नये म्हणून त्यांनी वीस वर्षे उपदेश केला होता.

"खरंच येत नाहीये, आई." ती पायरीवर टेकली आणि तिला पुन्हा कालचे हसू सुटले. मुलगी तिला खेटून बसली, म्हातारीही सरकली. मांजर परत आले होते, पण निरीक्षकाने त्याच्याकडे पाहिले नाही. त्याने फोन वर केला आणि फोटो काढला.

बायकोने फोन मागून घेतला आणि क्ष-किरणाची फिल्म उजेडात धरावी तसा डोळ्यांसमोर धरला. तिघी हसत होत्या. डाव्या कोपऱ्यात एक गुलाबी धूसर डाग होता.

"तुमचा अंगठा आलाय," ती म्हणाली. "पुन्हा काढा. दाराला पंचवीस लागतात ना?"

निरीक्षकाने श्वास रोखला.