झाडं संपल्यावर अरे-तुरे

"रविवारी दुपारपर्यंत तुझ्या बापानं मला अरे-तुरे केलं नाही, तर नावाचा रोमेड लाडनर नाही!"

गावच्या चीज डेअरीत बुर्गी दुधाच्या किटल्या धूत होती. तिनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

"मग नवीन नाव काय घेणार ते ठरवून ठेव," ती म्हणाली. "आणि लवकर ठरव. ग्राझ शहरातल्या नोकरीला हो की नाही, हे मला या महिन्यात कळवायचंय."

आता बघा, प्रकरण असं होतं. रोमेडचं बुर्गीवर प्रेम, बुर्गीचं रोमेडवर प्रेम, गावाला ठाऊक, गावच्या गाईंना ठाऊक! अडलं होतं ते बुर्गीच्या वडिलांपाशी. इग्नाझ प्रान्टल, निवृत्त मुख्य वनाधिकारी. जंगलखात्यात उभा जन्म गेला, त्यामुळे वागणंही देवदाराच्या खोडासारखं, ताठ आणि खरखरीत. तीन वर्षं रोमेड दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात होता आणि तीन वर्षं साहेब त्याला 'आपण' म्हणत होते. 'श्रीयुत लाडनर, आपण मीठ देता का?' 'श्रीयुत लाडनर, आपण निघालात?' ईस्टरला रोमेडनं सगळं बळ एकवटून सुरुवात केली होती, "साहेब, मला आपल्या मुलीबद्दल..." आणि साहेब म्हणाले होते, "आपण लोणी घेणार का?" संपला विषय! जो माणूस तुम्हाला 'आपण' म्हणतो, त्याच्याकडे मुलगी मागायची कशी? पोस्टात जाऊन तिकीट मागितल्यासारखं वाटतं.

पण टिरोलच्या डोंगरात एक रीत आहे. झाडांची हद्द संपली, नुसते खडक आणि गवत सुरू झालं, की अहो-जाहोही संपतं. वर सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. न्यायाधीश असो की गुराखी, तिथं सगळे अरे-तुरे. आणि एकदा वर 'तू' झालेलं खाली येऊन फिरवायचं नसतं, ते कायमचं.

प्रान्टलसाहेबांना ही रीत पुरती ठाऊक होती. म्हणून तर ते रोमेडबरोबर डोंगर चढायचे, मजेत चढायचे, आणि शेवटच्या लार्चच्या झाडाशी आले की गुडघा धरायचे. "आई गं! गुडघा! श्रीयुत लाडनर, आपण व्हा पुढे." एकदा नाही, दर वेळी!

"पण या वेळी मी त्यांना नेणारच नाही," रोमेड म्हणाला. "ते स्वतः येणार. धावत येणार!"

त्याचं कारण असं, की निवृत्तीनंतर साहेबांना जिओकॅशिंगचं वेड लागलं होतं. म्हणजे काय, तर एकानं कुठंतरी रानात डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकायचे, आणि बाकीच्यांनी फोन हातात धरून ठेचकाळत तो शोधायचा. डब्यात असतं काय? कागदाची गुंडाळी आणि पेन्सिल. त्यावर सही करायची, डबा होता तिथं ठेवायचा आणि छाती फुगवून घरी यायचं. बस्स! पण नव्या डब्यात पहिली सही करणाऱ्याचा मान केवढा! हा मान साहेबांना आजवर मिळाला नव्हता. दर वेळी खालच्या शहरातला एक दातांचा डॉक्टर आधी पोचायचा. त्याचं नाव निघालं की साहेबांची दाढ दुखायला लागे.

तर रोमेडनं डबा लपवला. शेवटच्या झाडापासून तासभर वर, कड्याखाली जिथं मोठमोठ्या शिळा कोसळून पडल्यात, तिथं एका शिळेखालच्या बिळात. डबा दिसू नये म्हणून त्यानं एक युक्ती केली. पायातला राखाडी लोकरीचा मोजा काढला आणि डब्यावर चढवला. हुबेहूब दगड! स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला, की एका पायात मोजा आणि एका पायात नुसता बूट घालून गाणं म्हणत खाली उतरला.

रविवारी सकाळी डबा नेटवर जाहीर झाला. रोमेड पहाटेच, त्याच एकुलत्या मोज्यावर, वर जाऊन एका शिळेमागं दबा धरून बसला होता. बुर्गीचा फोन आला.

"अरे, बाबा प्रवचन चालू असताना उठले! फादर पापावर बोलत होते, बाबांचा फोन टुणकन वाजला. गुडघा धरला, 'आई गं' म्हणाले आणि लंगडत बाहेर गेले."

"लंगडत?"

"चर्चच्या दारापर्यंत! पुढं जे पळत सुटलेत, अजून थांबले नाहीत!"

आणि खरंच, साहेब आले. घामानं डबडबलेले, लाल, गुडघ्यापर्यंतची चामडी विजार, टक्कल उन्हात चकाकतंय, फोन नाकासमोर धरलेला. शेवटचा लार्च त्यांनी कधी ओलांडला ते त्यांनाच कळलं नव्हतं. रोमेड शिळेमागून बाहेर आला.

"अरे वा! काय योगायोग!"

साहेब जागच्या जागी खिळले. त्यांनी मागं पाहिलं. झाडं दूर खाली राहिली होती. त्यांनी पुढं पाहिलं. रोमेड तोंडभर हसत होता.

"वर आलोय आपण," रोमेड म्हणाला. "झाडं संपली! मग... काय म्हणतोस, इग्नाझ?"

हे वाक्य त्यानं आठवडाभर आरशासमोर घोटलं होतं. साहेब खाली वाकले, दोन दगडांच्या बेचक्यात बोट दाखवलं.

"श्रीयुत लाडनर, हे काय आहे?"

तिथं वीतभर उंचीचं, चार काटक्यांचं एक हिरवं काहीतरी होतं.

"रोपटं," रोमेड म्हणाला.

"झाड! सेंब्रा पाइन. अशा जागी एवढं व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. जिथवर झाड, तिथवर झाडांची हद्द. आणि कुठलं झाड म्हणायचं नि कुठलं नाही, हे या खोऱ्यात मी ठरवत आलोय. आपण जरा बाजूला सरकता का? आपण त्याच्या उन्हात उभे आहात."

रोमेड मटकन खाली बसला. अहो, त्या वीतभर काटकीनं त्याचा सगळा डाव उधळला होता! बुर्गी ग्राझला निघालेली त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागली. ट्रेन, रुमाल, सगळं.

इकडे साहेबांचा शोध सुरू झाला. फोन म्हणत होता, इथंच. पण इथं डबा नव्हता! रोमेडनं हळूच बिळात डोकावलं. त्यालाही दिसेना.

"ही फरपटल्याची खूण बघा," साहेब म्हणाले. "मार्मोटचं, त्या गलेलठ्ठ डोंगरी खारीचं बीळ आहे हे. ओढून नेलंय त्यानं आत. पण डबा कशाला नेईल? त्याला मीठ लागतं. घामाचं मीठ असलेली वस्तू दिसली, की तो ओढतोच. कुठल्या महामूर्खानं डब्याला घामट काहीतरी गुंडाळलं असणार!"

महामूर्खानं बुटातला उघडा पाय हळूच मागं घेतला.

साहेब पालथे पडले. हात आत घातला. मग खांदा, मग डोकं, मग दुसराही खांदा. आतून घुमल्यासारखा आवाज आला, "लागला! बोटांना लागला!" मग बराच वेळ नुसती चामडी विजार हलत राहिली. मग तीही हलेना.

"श्रीयुत लाडनर."

"बोला साहेब!"

"मी अडकलोय. आपल्याला तसदी होणार नसेल, तर आपण कृपया माझे पाय ओढाल का?"

रोमेडनं पाय धरून ओढलं. साहेब जेमतेम बोटभर हलले आणि किंचाळले.

"डबा सोडा ना हातातला! मूठ उघडली की हात निघेल!"

"सोडू? आणि तो दंतवैद्य येऊन पहिली सही करेल!"

तेवढ्यात वरच्या कड्यावरून दगड घरंगळले, काठी टकटकली.

"आला! तोच आला!" बिळातून आरोळी उठली. "आपण त्याला अडवून धरा! मी आतच सही करतो!"

पण तो दंतवैद्य नव्हता. ती होती मोइदल, त्या डोंगरावरची मेंढपाळ म्हातारी, आणि तिच्यामागं तिच्या पंधरा-वीस मेंढ्या. मोइदलला कोणाचं काही पडलेलं नसतं. ती काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली आणि बिळातून बाहेर आलेल्या विजारीकडे बघायला लागली.

"कोण रे हा?"

"प्रान्टलसाहेब," रोमेड कुजबुजला.

"कोण, इग्नाझ? काय रे इग्नाझ, पेन्शन पुरत नाही का? मार्मोटकडे भाडेकरू राहिलास?"

आतून उत्तराऐवजी आला तो भलताच चीत्कार.

"श्रीयुत लाडनर! आपण हे काय करताय? शोभतं का आपल्याला हे!"

"मी? मी काहीच करत नाही साहेब!"

"माझ्या पोटऱ्या कोण चाटतंय मग?!"

मेंढ्या चाटत होत्या! साहेब प्रवचनापासून इथपर्यंत पळत आलेले, घाम वाळून पायांवर मीठच मीठ. डोंगरावर मेंढीला मीठ म्हणजे मेजवानी. एक या पायाला, एक त्या पायाला, आणि बाकीच्या रांगेत. साहेबांना गुदगुल्या होत होत्या. मुख्य वनाधिकारी प्रान्टल बिळात तोंड घालून खिदळत होते! गावात त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. आताही पाहिलं नाहीच म्हणा, नुसतं ऐकलं.

"हाकल ना गं मेंढ्या!" रोमेड म्हणाला.

"हाकलते. पण मला आधी सांग, तू तीन वर्षं त्याच्या घरी जेवतोस आणि तो बिळातूनही तुला 'आपण' म्हणतो? इथं वर?"

"ते म्हणतात इथं अजून हद्द संपलेली नाही. ते बघ, झाड आहे म्हणे."

"कुठं आहे झाड?" मोइदल वाकून बघायला लागली. "हे? हे होय?"

तिच्या पाठोपाठ एक मेंढीही बघायला आली. काळ्या तोंडाची, एक कान फाटलेली. पोटऱ्यांच्या रांगेत तिचा नंबर लागला नव्हता, बिचारी उपाशी. तिनं झाड हुंगलं, तोंड उघडलं, आणि दहा-बारा वर्षांचं झाड दोन घासांत संपवलं.

रोमेड बघतच राहिला. मोइदलनं काठी आपटली.

"इग्नाझ, ए इग्नाझ! तुझं झाड गेलं."

बिळातलं खिदळणं थांबलं.

"कुठं गेलं?"

"मेंढीच्या पोटात."

"पूर्ण?"

"मुळासकट. हद्द खाली सरकली बघ तुझी. पार त्या लार्चपर्यंत."

मेंढ्यासुद्धा चाटायच्या थांबल्या. रोमेडच्या छातीत असं काही धडधडत होतं, की त्याला वाटलं, आतला मार्मोट घाबरून बाहेर येईल. मग बिळातून एक मोठा उसासा ऐकू आला. इतक्या वर्षांच्या नियमांचा, शिस्तीचा, 'श्रीयुत'चा सगळा वारा त्या उसाशातून बाहेर पडला असावा.

"रोमेड," साहेब म्हणाले.

तीन वर्षांत पहिल्यांदा! रोमेडचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, मोइदलनंही नाक पुसलं.

"ओढ रे बाबा," साहेब म्हणाले. "तू ओढ. पण जोरात ओढ, लाज धरू नकोस."

रोमेडनं एक पाय धरला, मोइदलनं दुसरा. एक, दोन आणि हिसका! साहेब बाटलीच्या बुचासारखे बाहेर आले, टकलावर माती, मिशीत गवत, आणि मुठीत डबा. त्यावरचा मोजा त्यांनी दोन बोटांत धरला, नाकाशी नेला, नाक मुरडलं आणि सावकाश खाली पाहिलं. रोमेडच्या बुटातून उघडा घोटा दिसत होता.

"तू!" साहेब म्हणाले. "तू लपवलास डबा! मला वर आणायला!"

"हो," रोमेड म्हणाला. लपवाछपवीत त्याला काही राम वाटेना. "दुसरं काही सुचलंच नाही. चुकलं का माझं?"

साहेबांनी उत्तर द्यायच्या आधी डबा उघडला, कागदावर पहिली सही केली, सहीखाली रेघ मारली, रेघेखाली आणखी एक रेघ मारली.

"चुकलं," ते म्हणाले. "पण दंतवैद्याच्या आधी चुकलं."

उतरताना रोमेड साहेबांच्या मागं मागं चालत राहिला. 'तू' कायमचा असतो, असं म्हणतात खरं. पण हे प्रान्टलसाहेब होते! बिळात अडकलेल्या माणसाच्या शब्दाला काय किंमत? शेवटचा लार्च जवळ आला. साहेब थांबले. बुंध्यावर हात टेकला, गुडघा चोळला, घसा खाकरला. रोमेडनं डोळे मिटून घेतले.

"झोपलास का उभ्या उभ्या? माझी पिशवी घे पाठीवर! आणि गुरुवारी लाकडं फोडायला ये. सकाळी लवकर ये, दहाला उगवू नकोस."

त्या उतारावर पिशवीसकट नाचलेला माणूस टिरोलमध्ये दुसरा नसेल!

दारातच बुर्गी उभी होती. वडिलांची मिशी बघितली, रोमेडचा पाय बघितला आणि त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"झालं? तू म्हणाले?"

"म्हणाले! तू म्हणाले, रोमेड म्हणाले, झोपलास का म्हणाले!"

"आणि आपलं? विचारलंस?"

रोमेडचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. मुलगी मागायचं तो साफ विसरला होता! ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, तेच राहून गेलं! तो तसाच दाराकडे वळला, तर दारात साहेब उभे.

"विचारायचं काय राहिलंय त्यात?" ते खेकसले. "लाकडं फोडायला ये म्हटलंय ना त्याला मी? परक्याला कोणी लाकडं फोडायला सांगतं का? आणि तू गं, त्या ग्राझवाल्यांना कळवून टाक, जमणार नाही म्हणून. चला, जेवायला!"

बुर्गीनं वडिलांच्या गळ्यात हात टाकले. रोमेड गेली तीन वर्षं बसायचा त्या खिडकीशेजारच्या पाहुण्यांच्या खुर्चीत जाऊन बसला, नेहमीप्रमाणे रुमाल मांडीवर पसरला आणि नेहमीप्रमाणे वाट बघू लागला. दर रविवारी साहेब स्वतः पातेल्यातले सगळ्यात मोठे, गरगरीत क्नोडल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, निवडून त्याला आधी वाढायचे. आज ते स्वतःच्या ताटात तीन घेऊन खायलाही लागले होते.

"बघतोस काय?" भरल्या तोंडानं ते म्हणाले. "ऊठ, तुझं तू घे."

रोमेड उठला. पातेल्यात एकच क्नोडल उरला होता, तोही फुटका. त्यानं तो खरवडून घेतला आणि त्याच्यासारखा आनंदी माणूस त्या दिवशी सगळ्या खोऱ्यात नव्हता. भूक मात्र राहिली.