झाडाला जामीन

"यंदा जूनमध्ये संत हुआनच्या सणाला या झाडाला असा दम भरतो, की पुढच्या वर्षी फांद्यांना टेकू लावावे लागतील!" तिबुर्सिओनं कुंपणावरून जाहीर करून टाकलं.

न फळणाऱ्या झाडाला दम भरायची रीत हालापा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकानं कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्यानं मध्ये पडायचं: "राहू दे रे, पुढच्या वर्षी देईल, मी जामीन!" मग कुऱ्हाड खाली. पण कुणी मध्ये न पडताच ती खाली आली, तर झाड ओळखतं, की माणूस पोकळ आहे. मग ते जन्मात फळत नाही.

आजवर जामीन राहायची ती त्याची बायको, ओदिलिया. या अवोकाडोची कोय लग्नाच्या वर्षी तिनंच पुरलेली. पण नाताळापासून ती दूर सकापा शहरात बहिणीकडे होती. कारण? मुंग्या!

पानं कातरून नेणाऱ्या तांबड्या मुंग्या. प्रत्येकीच्या डोक्यावर हिरवी छत्री, आणि वरात थेट बिळापर्यंत! तिबुर्सिओनं खोडाला चुना फासला. त्यांना अंधारातही वाट दिसू लागली. मग त्यानं तंबाखू, लसूण नि साबणाचा जालीम काढा उकळला, घरातल्या सर्वांत मोठ्या पातेल्यात. ते ओदिलियाचं तमाल्यांचं, म्हणजे केळीच्या पानात बांधून वाफवायच्या मक्याच्या पिठाच्या वड्यांचं, पातेलं होतं. मुंग्यांनी काढ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नाताळाला पाहुण्यांनी मात्र तमाल्यांची केळीची पानं सोडून पहिला घास घेतला, आणि पाद्रीबाबांना जो ठसका लागला तो आवरेना.

"वहिनी, हे खायचं की ओढायचं?" कुणीतरी विचारलं. ओदिलियानं त्याच संध्याकाळी बॅग भरली.

"परत ये" म्हणायला तिबुर्सिओची जीभ रेटेना. झाड फळलं की टोपलीभर फळं घेऊन सकापाला जावं, काय बोलायचं ते टोपलीच बोलेल, असा त्याचा हिशेब. संध्याकाळी तो दोन खुर्च्या अंगणात काढायचा, एकीवर बसायचा, आणि दुसरीवरच्या मुंग्या झटकायचा.

जामीन म्हणून त्यानं शेजारच्या निचोला पढवून ठेवलं. सणाच्या सकाळी त्यानं कुऱ्हाड उगारली. "तोडतो! आता तोडतोच!"

झाडाच्या सावलीत सुकलेल्या आपल्या भोपळ्याच्या वेलाकडे निचोची नजर गेली होती.

"निचो, तोडतोय मी!"

"बघतोय ना भाऊ. लाकूड काय करणार आहेस?"

"अरे, बोल की!"

"बोललो ना. ती जाड फांदी मला."

तोवर कुंपणाला गर्दी झाली. गल्लीतल्या चोनाकाकू तर चुलीला फाटी मिळतील म्हणून दोरी घेऊन आल्या. तिबुर्सिओची कुऱ्हाड अजून डोक्यावरच होती. खाली आणावी तर झाड कायमचं गेलं, मारावी तर आत्ताच गेलं!

"कुणाला दयामाया आहे की नाही?" तो ओरडला.

त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी पाहून चोनाकाकूंनी दोरी टाकली आणि सकापाला फोन लावला. "ओदिलिया, तुझा नवरा अवोकाडो तोडतोय गं!" त्यांनी स्पीकर लावून फोन उंच धरला.

"खबरदार!" अंगण दणाणलं. "मुंग्यांनी पानंच ठेवली नाहीत, ते बिचारं फळणार कशाला? पुढच्या वर्षी देईल. मी जामीन!"

कुऱ्हाड धाडकन खाली पडली. सहा महिन्यांनी ऐकलेला आवाज! तिबुर्सिओला पुष्कळ बोलायचं होतं, तोंडातून निघालं, "पाऊस आहे का तिकडे?"

"नाही," फोन म्हणाला.

आता ती फोन ठेवणार! तिबुर्सिओला एकदम सुचलं. तो खोडाला टेकून बसला आणि कुजबुजला, "निचो, उचल कुऱ्हाड. माझ्यावर धर. मोठ्यानं बोल!"

या वेळी निचोला पढवावं लागलं नाही. "वहिनी! हा माणूसही काही कामाचा नाही! तोडतो याला! आहे कुणी जामीन?"

अख्खी गल्ली श्वास रोखून फोनकडे पाहू लागली.

"निचोभाऊ," ओदिलिया म्हणाली, "जरा जपून हं. मागे झाड आहे."

फोन बंद झाला. लोक हसत पांगले. तिबुर्सिओ मात्र तिथंच बसून राहिला, खोडाला पाठ अगदी घट्ट लावून. नाताळापासून प्रथमच तिची काळजी त्याच्या इतक्या जवळ येऊन पोचली होती.