गजभियेकाकांचं रीडिंग

सकाळी सातला बेल वाजायची आणि दारात शेजारचे गजभियेकाका नमस्काराऐवजी विचारायचे, "आज पहिले कोणतं पान उघडलं भाऊ?"

हातात वही, कानावर पेन. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांनी आयुष्यभर तासातासाला मीटरचे आकडे टिपले. निवृत्त होऊन नागपूरजवळ वाडीला आमच्या कॉलनीत आले. मागच्या वर्षी काकू गेल्या आणि गेले दोन महिने आम्हीच त्यांचे मीटर झालो. कोणता पेपर, कोणतं पान, वाचता की नुसतं चाळता, सगळं वहीत.

"काहून काका?" मी वैतागून विचारलं.

"एक जाहिरात द्याची हाय. कुठं देली तं लोकं पाहतीन, त्याचं रीडिंग घेऊन राहिलो."

जुनी स्कूटर विकायची असेल, असं मी धरून चाललो.

खरं सांगायचं तर मी फक्त राशिभविष्य वाचतो, तेही मोबाइलवर, संडासात. पण वहीत असं कसं लिहू द्यायचं? ऐटीत म्हणालो, "अग्रलेख." समोरच्या मास्तरांनीही तेच सांगितलं. खालच्या वहिनींनीसुद्धा, ज्यांच्याकडे पेपर येतच नाही. काका खूश. "आपली कॉलनी लय हुशार हाय बाप्पा." त्यांची पाठ वळल्यावर आम्ही पोट धरून हसलो.

एका रविवारी नळाला पाणी आलं का विचारायला त्यांच्याकडे गेलो. हॉलमध्ये तीसेक खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. बुद्धमूर्तीपाशी काकूंचा फोटो, मेणबत्त्या. समोर भन्तेजी, काकांची बहीण आणि काका, बस. काकूंचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. निमंत्रण त्या दिवशीच्या पेपरात छापलं होतं, अग्रलेखाच्या खाली, चौकटीत.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसाबसा म्हणालो, "काका, सांगाचं तरी. रोज तं दारात येत होते तुमी."

"तेच सांगाले येत होतो," खीर वाढत काका म्हणाले. "पण ते गेली, हे तोंडातून निघेच ना. मंग पेपरचं विचारून वापस जात होतो."

वाटी माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "तुमच्या इकडे आज पेपर नसंन आला?"

पेपर आमच्या टीपॉयवर घडीतच पडला होता.

"नाई आला," मी म्हणालो.

"मंग बरोबर हाय," काकांचा चेहरा निवळला. "नाई तं तुमी सारे आलेच असते."