नानांचं उपरणं

माघात माझी पत्नी यमुना वारली. नाना जोगळेकर दारात आले आणि म्हणाले, "मास्तर, दहाव्याचं मी करीन. पण मी खरा भटजी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो."

हे वाक्य आमच्या गिरगावच्या चाळीत सगळ्यांना पाठ होतं. नाना गोदीवरच्या एका कचेरीत कारकून. गाठीच्या तापाची साथ आली तसे चाळीचे भटजी बायकामुलांसह देशावर निघून गेले. तेव्हा कोणाला तरी आठवलं की नानांचे वडील कोकणातले वैदिक होते आणि मुलाला त्यांनी लहानपणी घरीच शिकवलं होतं. पुढे मुलगा इंग्रजी शिकायला मुंबईला पळून आला. झालं, नानांवर भटजीपण येऊन पडलं.

मंत्र त्यांना येत. आपल्याला ते येतात यावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. पूजा सांगताना मध्येच थांबून दाराकडे बघत. खरे भटजी परत आले आणि त्यांनी कान धरला तर काय करायचं, ही धास्ती. सत्यनारायण झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी, कचेरीची पगडी घालून, यजमानांच्या दारात हजर. "प्रसाद कोणाला बाधला नाही ना?" एका बारशानंतर तर त्या घरी ते पुन्हा पुन्हा जाऊन विचारत, "बाळ नावाला ओ देतं का?" बाळाला अजून मानही धरता येत नव्हती.

मार्गशीर्षात त्यांनी खालच्या मजल्यावरचं एक लग्न लावलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोन्ही विहिणी मानपानावरून कडाडून भांडल्या. नाना आमच्याकडे आले आणि पाटावर गुडघे धरून बसले.

"सप्तपदीत माझं काहीतरी राहिलं असणार."

"नाना," यमुना पोळी लाटता लाटता म्हणाली, "शास्त्रोक्त लग्नातल्या विहिणी काय एकमेकींना ओवाळतात?"

नाना हसले. पण जिना उतरताना सप्तपदी पुटपुटतच गेले.

दहाव्याला आम्ही बाणगंगेवर गेलो. मी, यमुनेचा भाऊ विष्णू आणि नाना. विधी नीट झाला, पिंड ठेवला. आता कावळा शिवला की ती सुखाने गेली असं समजायचं; नाही शिवला, तर तिचा जीव कशात तरी अडकला आहे.

कावळे पुष्कळ होते. शेजारच्या लोकांचा पिंड त्यांनी ठेवताक्षणी उचलला. आमच्याकडे एकही फिरकेना.

रीतीप्रमाणे मी हात जोडून तिला वचन दिलं. "कृष्णीला शाळेतून काढणार नाही." कृष्णी आमची मुलगी. कावळे हलले नाहीत. "तिच्या लग्नाची घाई करणार नाही." काही नाही. "मी वेळेवर जेवीन." यमुनेचा यावर कधीच विश्वास नव्हता.

नानांना एका जागी उभं राहवेना. ते पिंडाच्या या बाजूला जात, त्या बाजूला जात, वाकून दर्भ सारखा करत. मग उपरणं हातात घेऊन ते हलवत कावळ्यांना बोलावू लागले. "काव, काव." साहेबाकडे रजा मागावी तितक्या हळू आवाजात.

"खरा भटजी असता तर एव्हाना घरी पोचलो असतो," विष्णू म्हणाला.

"तेच तर मी म्हणतोय," नाना म्हणाले. मग पिंडाकडे वळून हात जोडले. "वहिनी, चूक असेल ती माझी आहे. माझ्या पायी अडून राहू नका. मी इथून जातो."

पायऱ्या चढून ते दीपमाळेमागे पाठ करून बसले. ते बसतात न बसतात तोच एक कावळा खाली उतरला आणि पिंडाला चोच मारून भाताचा घास घेऊन उडाला.

मी नानांना बोलवायला गेलो.

"शिवला?"

"शिवला."

"मी उठलो म्हणून," नाना म्हणाले.

परतताना विष्णू पुढे निघून गेला. चौपाटीवर माझ्या शेजारून चालता चालता नाना बोलू लागले.

"वडिलांच्या दहाव्याला कावळा आलाच नाही, मास्तर. संध्याकाळपर्यंत उभा होतो. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मी घर सोडलं तेव्हा वडील म्हणाले होते, विद्या टाकून चाललास. तो राग घेऊनच गेले. आता कोणी पूजा सांगायला बोलावलं की वाटतं, त्यांनी परत घेतलेली वस्तू मी चोरून वापरतोय."

त्यांच्या हातात उपरणं तसंच होतं.

"नाना, त्या दिवशीही असंच उपरणं हलवत होता?"

"म्हणजे काय. बोलवायला नको?"

"गच्चीवर पापड वाळत घातले," मी म्हणालो, "की यमुना पदर असाच हलवायची. कावळे हाकलायला."

नाना थांबले. उपरण्याकडे पाहिलं. मग ते एकदा हवेत हलवून पाहिलं. समोर वाळूत बसलेले दोन कावळे उडाले.

"दिवसभर," ते म्हणाले. "दिवसभर हलवत होतो मी, मास्तर."

ते वाळूत बसले. मीही बसलो.

आता चाळीचे भटजी परत आले आहेत. पूजेला लोक त्यांना बोलावतात, दहाव्याला मात्र नानांना. आपण खरे भटजी नव्हे, हे नाना अजून आधीच सांगतात. पिंड ठेवला की उपरणं मांडीखाली दाबून बसतात.

कृष्णी शाळेत जाते. मी वेळेवर जेवतो.