कुलपाजवळचा माणूस

लोंढेकाका पेट्रोल पंपावर गाडीतून उतरत नाहीत. पेट्रोल मी भरायचं, काच मी पुसायची, आत जाऊन पावती मी आणायची. मागचा गाडीवाला हॉर्न मारून दमला तरी काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून आरशात बघत बसतात. कारण डिकीत त्यांचं पिस्तूल असतं.

दचकू नका. काका म्हणजे कुणी भाई नव्हेत. पंचवीस वर्षांपूर्वी चिंचवडहून जर्मनीत हॅनोव्हरला आलेले ते साधे मेकॅनिकल इंजिनिअर. आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. काकू गेल्या तेव्हा मुग्धा नऊ वर्षांची होती. तिला त्यांनी एकट्याने वाढवलं. मग ती शिकायला हायडेलबर्गला गेली, घर रिकामं झालं आणि काकांनी नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं. शुक्रवारी संध्याकाळी कागदाला भोकं पाडायची आणि चार म्हाताऱ्यांबरोबर बटाट्याचं सॅलड खायचं, एवढाच तो शौक.

खरं तर काकांना नेम धरण्यापेक्षा कुलूप लावण्यात जास्त गोडी. इथला कायदा सरळ आहे. नेताना पिस्तूल रिकामं हवं, कुलूपबंद पेटीत हवं आणि गाडीत ठेवून निघून जायचं नाही. बाकीचे लोक एवढं पाळतात आणि सुखाने राहतात. काकांनी मात्र डिकीच्या तळाला नटबोल्टने आवळलेली पोलादी पेटी स्वतः बनवली. तिच्यात दुसरी पेटी आणि त्या पेटीतल्या पिस्तुलाच्या घोड्यालाही कुलूप. एक किल्ली गळ्यातल्या दोरीत, एक डाव्या मोज्यात आणि तिसरी कुठे असते ते मी विचारलेलं नाही. काडतुसं वेगळ्या डब्यात, तो डबा माझ्या सीटखाली. काडतुसांवर बसून एवढा प्रवास केलेला दुसरा माणूस तुम्हाला भेटणार नाही.

"एवढी कुलपं आहेत, तर मग दोन मिनिटं उतरायला काय होतं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"सुहास, कुलूप चोराला फक्त उशीर करतं. कुलपाजवळ माणूस लागतो. गेनाऊ?" ‘बरोबर’ म्हणायला काकांना हा जर्मन शब्दच लागतो.

"मी आहे ना इथे."

"तुझ्याकडे परवाना आहे का? नाही. मग कायद्याने तू माणूस नाहीस."

प्रवासाच्या आदल्या दुपारपासून काका चहा बंद करतात, पाणी घोटाघोटाने पितात, म्हणजे वाटेत थांबायला नको. माझ्या थर्मासकडे मात्र असं बघतात की मलाच घोट उतरत नाही.

गेल्या मे महिन्यात हेच काका एका संध्याकाळी खाली आले आणि म्हणाले, "शुक्रवारी रजा टाक. स्पर्धा आहे. हायडेलबर्गच्या पुढे एक गाव आहे, तिथे."

शंभर किलोमीटरच्या पलीकडे कधी स्पर्धेला न गेलेला माणूस एकदम चारशे किलोमीटर निघाला होता. "तिथली नेमबाजीची रेंज चांगली आहे म्हणे," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता जिना चढून गेले.

शुक्रवारी भल्या पहाटे निघालो. फ्रँकफर्ट मागे पडल्यावर काका आरशात बघत म्हणाले, "आज एक वाजता मुग्धाची परीक्षा आहे. डॉक्टरेटची, शेवटची, तोंडी. कुणीही जाऊन बसू शकतं."

"मग आपण तिकडेच चाललोय म्हणा की!"

"नाही. येऊ नकोस म्हणालीये. तिला एकटीने करून बघायचंय. आल्झो, तेव्हा आपण स्पर्धेला चाललोय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी बसवेना आणि तिच्याकडे जाता येईना, म्हणून या गृहस्थाने तिच्यापासून अर्ध्या तासावरची स्पर्धा शोधून काढली होती.

स्पर्धेत त्यांची दैना झाली. एरवी काकांचा हात दगडासारखा, पण त्या दिवशी एक गोळी चक्क शेजाऱ्याच्या कागदावर जाऊन बसली. साडेअकराला सगळी कुलपं लावून गाडीत बसलो, तोच मुग्धाचा मेसेज आला. एरवी बापाला जर्मनमध्ये लिहिणाऱ्या मुलीने मराठीत लिहिलं होतं : ‘बाबा, तू यायला हवा होतास.’

काकांनी तो दोनदा वाचला आणि मग गाडीत बसूनच मला जी धावपळ करायला लावली! पिस्तूल तिथल्या क्लबाच्या तिजोरीत ठेवावं, तर तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे तो दाताच्या डॉक्टरकडे गेलेला. वीस मिनिटं वाट बघितली. काका घड्याळ बघत, मी काकांना बघत. शेवटी पिस्तूल डिकीत तसंच ठेवून निघालो.

पाऊण वाजता विद्यापीठाच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. काकांनी पट्टा सोडला. पुन्हा लावला. पुन्हा सोडला.

"काका, पेटी हातात घेऊनच चला."

"विद्यापीठात? सावळा माणूस, हातात पिस्तुलाची पेटी. मुलीच्या परीक्षेला पोलीस आणू का?"

"मग मी बसतो इथे. तासाभराचा तर प्रश्न आहे. कोण बघतंय?"

"कोणी बघत नाही म्हणूनच बसायचं असतं रे." त्यांनी पट्टा पुन्हा लावला. "तू जा. मागच्या रांगेत बस. ती अडली तर... काही नाही. नुसता बस."

मी जिने चढलो ते रागातच. मला काकांचा मनापासून राग आला होता. आई नसलेली पोर वर एकटी उभी आणि बाप खाली लोखंडाच्या पेटीजवळ पहारा देतोय! असले नियम गेले खड्ड्यात.

मुग्धा फळ्याजवळ उभी होती, हातातले कागद पुन्हा पुन्हा चाळत होती. मला बघितल्याबरोबर तिची नजर माझ्या मागे दाराकडे गेली.

"बाबा खाली गाडीत आहेत," मी खालमानेने सांगितलं.

"इम आउटो? गाडीत?" ती म्हणाली आणि चक्क हसली. तिने कागद टेबलावर ठेवून दिले आणि पुन्हा उचललेच नाहीत. पुढचा अर्धा तास पेशींच्या भिंतींबद्दल ती असं घडाघडा बोलली की मला एक अक्षर कळलं नाही तरी छाती फुगली.

पास झाल्यावर इथे एक गंमत असते. प्रयोगशाळेतले सोबती पुठ्ठ्याची टोपी बनवतात, नव्या डॉक्टरच्या आयुष्यातल्या वस्तू तिच्यावर चिकटवतात आणि ती तिला घालतात. मुग्धाच्या टोपीवर एक सूक्ष्मदर्शक होता, चहाचा कप होता आणि मधोमध एक छोटी निळी मोटार. मोटारीत स्टिअरिंगला धरून बसलेला कागदी माणूस.

"हा कोण गं?"

"बाबा," ती म्हणाली. मग अर्धं मराठीत, अर्धं जर्मनमध्ये तिने सांगितलं. "आई गेल्यापासून माझी प्रत्येक परीक्षा, दादा. शाळेची, पोहण्याची, ड्रायव्हिंगची. सगळ्यांचे आईबाबा आत यायचे, हा बाहेर गाडीत बसायचा. आत आलो तर तू माझ्याकडेच बघत बसशील, म्हणायचा. मी खिडकीतून गाडी बघायचे आणि मग लिहायला लागायचे. म्हटलं, या वेळी गाडीशिवाय जमतं का बघू. नाही जमलं."

ती टोपीसकट जिना धडाधडा उतरली.

काका तसेच बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ती आरशात दिसताच त्यांनी काच खाली केली. "वेळेत संपवलंस?"

"एक मिनिट आधी."

"गेनाऊ." मग त्यांची नजर टोपीवरच्या मोटारीवर गेली आणि तिथेच राहिली. "हिला आरसा लावायचा राहिलाय," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. बराच वेळ पुसला.

"बाबा, तू वर जा. केक आहे. मी बसते गाडीजवळ."

माझी जीभ वळवळलीच. "काका, हिच्याकडेही परवाना नाही बरं का!"

पिस्तूल डिकीत असताना काका गाडीतून खाली उतरले, माझ्यासमोर पहिल्यांदाच. मुलीला हाताला धरून डिकीपाशी आले आणि तिला जवळ घेतलं. टोपी चेपली, निळी मोटार वाकडी झाली. एक हात तिच्या पाठीवर होता आणि दुसरा डिकीवर.